दाखविणे आणि सांगणे : प्रादो संग्रहालयातील मार्गदर्शित चित्रदर्शनाचा एक विचार

१

कीर्तन, प्रवचन, पोवाडा आणि व्याख्यान हे मौखिक प्रकार मराठीच्या अभ्यासकाला परिचित आहेत. त्यांची मांडणी, श्रोतृवर्गाशी असलेले त्यांचे नाते, त्यांतील रंगत आणि पाल्हाळ यांविषयी पुष्कळ विवेचन झालेले आहे. संग्रहालयात चित्रापुढे उभा राहून मार्गदर्शक जे बोलतो ते मात्र वाङ्मयविचाराच्या कक्षेत सहसा घेतले जात नाही; प्रवासातील अनेक सोयींपैकी ती एक सोय मानली जाते. वस्तुतः या भाषणाला स्वतःची रचना आहे, ठरलेला आरंभ आणि ठरलेला शेवट आहे, तोंडातोंडी चालत आलेल्या आख्यायिका आहेत. दोनचार माणसांनी शुल्क देऊन कलेतिहासाचा एखादा जाणकार सोबत घ्यावा आणि त्याने त्यांना दीडदोन तास दालनांतून हिंडवून निवडक चित्रांपुढे उभे करावे, हा प्रघात युरोपातील मोठ्या संग्रहालयांत आज सर्रास आढळतो. तिकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी अनेकांची पाश्चात्त्य चित्रकलेशी पहिली समक्ष भेट घडते ती अशाच भाषणाच्या संगतीने. तेव्हा हे भाषण चित्र पाहण्यास साह्य करते, की चित्राच्या जागी ते स्वतःच येऊन बसते, हा प्रश्न गंभीरपणे विचारण्याजोगा आहे.

मार्गदर्शकाला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे या संदर्भात उद्बोधक ठरतात. इटालियन भाषेतील ‘चिचेरोने’ हा शब्द रोमन वक्ता सिसेरो याच्या नावावरून आला. परदेशी पाहुण्यांना अवशेष आणि चित्रे दाखवीत हिंडणाऱ्यांच्या अस्खलित बोलण्याचा त्यात गौरव आहे, तसा थोडा उपहासही आहे. याकोब बुर्कहार्ट याने इटलीतील कलाकृतींचा परिचय करून देणारा जो ग्रंथ १८५५ साली प्रसिद्ध केला त्यालाही त्याने हेच नाव दिले. मराठीतील ‘वाटाड्या’ हा वाट जाणणारा. त्याच्याकडून वक्तृत्वाची अपेक्षा नसते. ‘मार्गदर्शक’ या संस्कृत घडणीच्या शब्दात मात्र दाखविण्याची क्रिया आहे. बोलणारा, वाट जाणणारा आणि दाखविणारा अशा तीन कल्पना या तीन शब्दांत साठविलेल्या आहेत. संग्रहालयातील मार्गदर्शकाला या तीनही भूमिका कराव्या लागतात हे खरे. तथापि त्यांपैकी तिसरीने उरलेल्या दोहींवर अधिकार चालविला नाही, तर त्या भाषणाला चित्रापुढे उभे राहण्याचे कारण उरत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. उदाहरण म्हणून माद्रिद येथील प्रादो संग्रहालय आणि तेथील वेलास्केझचे ‘लास मेनिनास’ हे चित्र प्रामुख्याने घेतले आहे.

२

मार्गदर्शकाच्या भाषणातील वाक्ये ढोबळमानाने तीन गटांत पडतात. पहिल्या गटात नाव सांगणारी वाक्ये येतात : हे चित्र अमक्याचे, अमक्या सालचे, यातील ही व्यक्ती अमुक. दुसऱ्या गटात कथा सांगणारी वाक्ये येतात : चित्रकाराचा स्वभाव, राजाची मर्जी, चित्राचे पुढे काय झाले. तिसऱ्या गटातील वाक्ये दाखविणारी असतात : डावीकडील कडेपासून सुरुवात करा, हा हात आणि तो हात यांमधील अंतर पाहा, आता चार पावले मागे या. या तीन गटांतील भेद भाषाशास्त्रीय दृष्ट्या मूलगामी आहे. कार्ल ब्यूलर याने १९३४ सालच्या आपल्या भाषाविषयक ग्रंथात भाषेची दोन क्षेत्रे मानली. एका क्षेत्रातील शब्द संकेताने अर्थ देतात. दुसऱ्या क्षेत्रातील शब्द, म्हणजे ‘हा’, ‘तो’, ‘येथे’, ‘तेथे’, ‘आता’, हे बोलणारा आणि ऐकणारा ज्या जागी उभे आहेत त्या जागेतून अर्थ मिळवितात. नाव आणि कथा पहिल्या क्षेत्रात नांदतात, दाखविणे दुसऱ्या क्षेत्रात.

यातून एक साधी कसोटी हाती येते. मार्गदर्शकाचे एखादे वाक्य उपाहारगृहात, आगगाडीत वा घरी बसून ऐकले तरी त्याचा अर्थ अबाधित राहतो काय? राहत असेल तर ते वाक्य पुस्तकातूनही मिळाले असते. समोरचे चित्र काढून घेताच जे वाक्य पंगू होते तेच वाक्य चित्रापुढे उच्चारण्याजोगे. या कसोटीला सर्वच वाक्ये उतरली पाहिजेत असा आग्रह धरणे अर्थातच चुकीचे ठरेल. कोणतेही भाषण केवळ बोट दाखवून चालत नाही. परंतु दोन तासांच्या फेरीत बारापंधरा चित्रे घेतली, आणि चालण्याचा व थांबण्याचा वेळ वजा केला, तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम सहासात मिनिटे येतात. त्यांतील पाच मिनिटे नावांत आणि कथेत गेली तर डोळ्यांसाठी काय उरते, हा हिशेब मांडण्याजोगा आहे.

प्रादोच्या बाबतीत हा हिशेब अधिकच निकडीचा होतो. १८१९ साली राजसंग्रहातून उभ्या राहिलेल्या या संग्रहालयाच्या दालनांत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. घरी नेऊन निवांत पाहू, अशी सवलत येथे प्रेक्षकाला नाही. जे पाहावयाचे ते येथे आणि आता. अशा ठिकाणी भाषणाने डोळ्यांचा वेळ खर्च केला तर तो परत मिळत नाही.

३

प्रथम नावांचा विचार करू. एखाद्या चित्राचे नाव हे त्याच्यासोबत जन्मलेले असते असा प्रेक्षकाचा समज असतो, आणि मार्गदर्शकही बहुधा त्याच गृहीतावर बोलतो. प्रादोमधील प्रसिद्ध चित्रे मात्र या समजाला अनुकूल नाहीत. हिएरोनिमस बॉश याच्या ज्या त्रिपट चित्राला आज ‘ऐहिक सुखांची बाग’ म्हणून जग ओळखते त्याची नोंद १५९३ सालच्या एस्कोरियालच्या यादीत जगाच्या वैविध्याचे चित्र अशी झालेली असून, त्यात दिसणाऱ्या एका फळावरून लोक त्याला ओळखत असत असेही तेथे म्हटले आहे. गोयाने आपल्या घराच्या भिंतींवर १८२० ते १८२३ या काळात रंगविलेली आणि पुढे कापडावर उतरवून घेतलेली ‘काळी चित्रे’ तर त्याने नाव न देताच मागे ठेवली. आज फलकांवर दिसणारी नावे नंतरच्या लोकांनी दिली आहेत. एका विस्तीर्ण पिवळसर पोकळीच्या तळाशी कुत्र्याचे केवळ डोके दिसते. ते बुडते आहे, वर पाहते आहे की कशाची वाट पाहते आहे, हे चित्र सांगत नाही. ‘अर्धा बुडालेला कुत्रा’ हे नाव मात्र ते सांगून टाकते. नाव आधी ऐकलेल्या प्रेक्षकाला दुसरे काही दिसणे कठीण होते.

‘लास मेनिनास’ची हकीकत याहून बोधप्रद आहे. १६५६ साली रंगविलेले, सुमारे ३१८ सेंटिमीटर उंच आणि २७६ सेंटिमीटर रुंद असे हे चित्र राजवाड्यात होते. १७३४ साली माद्रिदचा जुना राजवाडा जळाला तेव्हा ते आगीतून वाचविण्यात आले, आणि त्यानंतरच्या यादीत त्याचा उल्लेख राजा चौथा फिलिप याचे कुटुंब असा झाला. ‘लास मेनिनास’ हे नाव त्याला १८४३ साली, पेद्रो दे माद्रासो याने केलेल्या प्रादोच्या सूचीत मिळाले. म्हणजे चित्र जवळजवळ दोनशे वर्षांचे झाल्यावर त्याचे आजचे बारसे झाले. या नावबदलाने चित्राचा मध्यबिंदूच हलला. ‘कुटुंब’ म्हटले की दृष्टी राजकन्येवरून मागील आरशातील राजाराणीकडे जाते. ‘मेनिनास’ म्हटले की ती राजकन्येच्या दोन्ही बाजूंस असलेल्या दोन मुलींवर स्थिरावते.

त्यातही ‘मेनिना’ हा शब्द मूळचा स्पॅनिश नव्हे. तो पोर्तुगीज असून त्याचा साधा अर्थ मुलगी असा आहे. चावी, बादली, पगार हे शब्द पोर्तुगिजांकडून घेतलेल्या मराठीला अशा उसनवारीचे आश्चर्य वाटू नये. स्पॅनिश दरबारात या शब्दाचा अर्थ संकुचित झाला : राणीच्या वा राजकन्येच्या सहवासात लहानपणापासून ठेवलेली सरदारघराण्यातील मुलगी. इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक या शब्दाचा जो अनुवाद करतो त्यात मोलकरणीसाठी वापरला जाणारा शब्द आणि मानवाचक शब्द जोडून येतात. मराठी श्रोत्याच्या मनात त्यांतील पहिला तेवढा उतरतो आणि ‘दासी’ हा प्रतिशब्द उभा राहतो. मराठीत या चित्राविषयी बोलताना ‘राजकन्येच्या दासी’ असे सहज म्हटले जाते ते यामुळेच. हा दोष केवळ कोशातला नाही. त्यामुळे पाहण्यातही दोष येतो. मारिया आगुस्तिना सार्मिएन्तो गुडघे टेकून तबकातून लाल मातीचे लहान पात्र राजकन्येपुढे धरते आहे. ‘दासी’ हा शब्द ऐकलेला प्रेक्षक त्या गुडघे टेकण्यात सेवा पाहतो. चित्रात सेवेपेक्षा मान अधिक आहे : राजकन्येला आपल्या हाताने पात्र देणे हा त्या घराण्याचा अधिकार होय. मराठ्यांच्या दरबारी परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला ‘मानकऱ्यांच्या मुली’ हा शब्दप्रयोग सुचला तर त्याला त्या आकृतीतील ताठ पाठ आणि जपून धरलेले तबक अधिक नीट दिसेल. अचूक शब्द येथे माहितीत भर घालण्यापेक्षा डोळ्यांची चूक दुरुस्त करतो.

नावांविरुद्ध तक्रार अशी नाहीच. मिशेल फूको याने १९६६ सालच्या आपल्या ग्रंथाचा आरंभ याच चित्राच्या विवेचनाने केला आणि तेथे व्यक्तींची नावे काही काळ बाजूस ठेवावीत असे सुचविले. कारण नाव उच्चारताच बोलण्याचे आणि पाहण्याचे क्षेत्र एकच असल्याचा भास होतो. ही सूचना मोलाची असली तरी पूर्ण सत्य नव्हे. चित्रातील बहुतेक व्यक्तींची नावे आज ठाऊक आहेत ती आंतोनिओ पालोमिनो याने १७२४ साली ती नोंदवून ठेवली म्हणून. त्याने ती नोंदविली नसती तर उजवीकडे उभी असलेली मारी बार्बोला आणि कुत्र्याच्या पाठीवर पाय ठेवणारा निकोलासितो पेर्तुसातो ही दोन माणसे केवळ ‘खुजी’ म्हणूनच राहिली असती. नाव द्यावे की न द्यावे हा खरा प्रश्न नसून ते केव्हा द्यावे हा आहे. आधी आकृती आणि मग नाव या क्रमाने नाव ओळख पटविते. उलट क्रमाने ते आकृती पाहण्याची गरजच संपविते.

४

कथेचा मोह याहून मोठा. ‘लास मेनिनास’पुढे सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिकांत सर्वांत लोकप्रिय आहे ती चित्रकाराच्या छातीवरील लाल क्रुसाची. वेलास्केझने या चित्रात स्वतःलाही रंगविले आहे आणि त्याच्या काळ्या वस्त्रावर सान्तियागो या सरदारमंडळाचा क्रूस दिसतो. चित्र १६५६ सालचे. त्या मंडळात त्याचा प्रवेश झाला १६५९ सालच्या नोव्हेंबरात. आणि १६६० सालच्या ऑगस्टमध्ये तो मरण पावला. यावरून तो क्रूस नंतर रंगविला गेला एवढा निष्कर्ष निर्विवाद निघतो. त्याच्या मृत्यूनंतर राजानेच आपल्या हाताने तो रंगविला, ही त्यापुढची गोष्ट. पालोमिनोने ती दिली आहे, पण काही लोक असे म्हणतात, एवढी मर्यादा घालून दिली आहे.

ही मर्यादा मार्गदर्शकाच्या तोंडी बहुधा गळून पडते. मराठी भाषेला येथे एक विशेष सोय उपलब्ध आहे. ‘तो क्रूस राजानेच रंगविला म्हणे’ या वाक्यातील शेवटचे एक अव्यय संपूर्ण वाक्याचे प्रामाण्य बदलून टाकते. बोलणारा त्या विधानाची जबाबदारी स्वतःवर घेत नाही. ते आपल्याकडे ऐकीव रूपाने आले आहे असे तो दर्शवितो, आणि तरीही गोष्टीची गोडी कमी होत नाही. इंग्रजीत हेच सांगावयास बहुधा स्वतंत्र उपवाक्य योजले जाते, आणि ओघाच्या भरात ते टाळण्याकडे कल असतो. मराठीतून कलेतिहास सांगणाऱ्याने ‘म्हणे’ या छोट्या शब्दाचा कंटाळा करू नये. कलेतिहास आणि दंतकथा यांमधील सीमारेषा कित्येकदा त्या एका शब्दाएवढीच असते.

निराधार कथेपेक्षाही खरी कथा कधीकधी चित्रावर अधिक अन्याय करते. राजकन्या मार्गारिता १६५१ साली जन्मली. चित्रात ती पाच वर्षांची आहे. १६६६ साली तिचा विवाह पवित्र रोमन सम्राट पहिला लिओपोल्ड याच्याशी झाला आणि १६७३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती मरण पावली. या तीनही गोष्टी सत्य आहेत. परंतु त्या चित्रापुढे प्रारंभीच सांगितल्या की प्रेक्षक त्या मुलीच्या चेहऱ्यावर भावी मृत्यूची छाया शोधू लागतो, आणि शोधू लागला की ती त्याला सापडतेही. चित्रात मात्र अशी छाया कोठेही नाही. तेथे आहे ती वळलेल्या मानेची, सावध, किंचित हट्टी अशी मुलगी, जिचा हात पात्राकडे गेला आहे आणि डोळे दुसरीकडेच लागले आहेत.

कथा आणि चित्र यांचे नाते प्रत्येक परंपरेत असेच असावे असे नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत कथेकरी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील आख्यान गातो. बाराव्या शतकात सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’तही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. तेथे चित्र कथेसाठी जन्मलेले असते. कथा पुढे सरकली की चित्रही पालटते, आणि त्यात काहीच वावगे नाही. प्रादोतील मार्गदर्शक नकळत हीच पद्धत उचलतो. त्याच्या हाती मात्र पालटण्याजोगी चित्रे नसतात. ‘लास मेनिनास’ एखाद्या आख्यानातील प्रसंग म्हणून रंगविलेले नाही. चित्रकथीचे शहाणपण येथे लागू करणे म्हणजे एका परंपरेचा धर्म दुसरीवर लादणे होय.

५

दाखविणे म्हणजे नेमके काय, हे आता पाहावयास हवे. ‘लास मेनिनास’पुढे पुन्हापुन्हा ऐकू येणारे एक वाक्य असे : तुम्ही जेथे उभे आहात तेथेच राजाराणी उभे होते, म्हणून मागील आरशात ते दिसतात. वाक्य आकर्षक आहे. ऐकणारा क्षणभर राजा होतो. विसाव्या शतकात बराच काळ हे चित्र एका लहान दालनात एकटेच मांडून समोर आरसा ठेवलेला असे, त्या मांडणीनेही या कल्पनेला खतपाणी घातले. फूकोच्या विवेचनातही या जागेला मध्यवर्ती स्थान आहे, आणि १९८० साली तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनीही प्रेक्षकाचे स्थान आणि राजाराणीचे स्थान एकच मानून त्यावर आपला युक्तिवाद उभारला.

त्याच वर्षी जोएल स्नायडर आणि टेड कोहेन यांनी या गृहीतालाच हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा, की चित्रातील यथादर्शनाच्या रेषा आरशापाशी मिळत नाहीत. त्या मिळतात मागील उघड्या दारात, पायऱ्यांवर उभ्या असलेल्या होसे निएतोच्या हाताजवळ. अर्थात या चित्राचा दृष्टिबिंदू दारासमोर आहे आणि आरसा त्याच्या डावीकडे आहे. अशा स्थितीत आरशात जे दिसते ते समोर उभ्या असलेल्या माणसांचे प्रतिबिंब नसून डावीकडील मोठ्या कापडावर चित्रकार जे रंगवीत आहे त्याचे असले पाहिजे. पालोमिनोचे वर्णनही याच दिशेने जाते.

येथे दोन प्रकारच्या मार्गदर्शनांमधील अंतर स्पष्ट होते. ‘तुम्ही राजाच्या जागी उभे आहात’ हे वाक्य पटण्यासाठी डोळे वर उचलण्याची गरज नाही. ते ऐकूनच पटते. याउलट, उजव्या भिंतीचा छताशी मिळणारा कोन पाहा, खिडक्यांच्या वरच्या कडा कोणत्या दिशेने उतरतात ते मनाने पुढे न्या, आणि त्या कोठे एकत्र येतात ते सांगा, असे कोणी म्हटले तर प्रेक्षकाला काम करावे लागते. त्याचे डोळे आरशापाशी न थांबता दारापाशी जातात, आणि मग त्याला प्रथमच कळते की त्या उजळलेल्या दारातील माणसाला एवढे महत्त्व का आहे. विवाद मिटतो असे नाही. पण तो प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे घडतो. विद्वानांचे मत ऐकणे आणि त्या मताचा आधार स्वतः पाहणे यांतील भेद एवढ्यानेच कळून येतो.

दाखविण्याच्या अशा आणखी जागा या चित्रात आहेत. सर्व माणसे चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात आहेत आणि वरचा जवळजवळ अर्धा भाग अंधारलेल्या भिंती, छत आणि दिव्यासाठीचे दोन रिकामे आकडे यांनी व्यापला आहे. ही पोकळी झाकून पाहिली तर खालील माणसांची दाटी निराळी भासते. राजकन्येच्या बाहीवरील रंगलेपन जवळून पाहिले तर सैल, विस्कळीत फटकारे दिसतात आणि काही पावले मागे येताच त्यांचे रेशीम होते. हे सांगून कळत नाही. त्यासाठी पाय हलवावे लागतात. मार्गदर्शकाने ‘मागे या’ एवढे दोनच शब्द उच्चारले तर त्याने येथे पुष्कळ काम केले असे म्हणावे लागेल.

मारी बार्बोलाच्या बाबतीत तर दाखविण्याला नैतिक मोल येते. राजदरबारात करमणुकीसाठी ठेवलेल्या या जर्मन स्त्रीविषयी मार्गदर्शकांच्या भाषणात हलका विनोद येण्याचा संभव फार. मराठीतही अशा देहासाठी जे शब्द आहेत त्यांतील बरेचसे चेष्टेचे आहेत. भाषा ज्या व्यक्तीला हसते तिला चित्र कसे वागविते, हे मात्र पाहण्यासारखे आहे. या चित्रातील अनेक जण बाहेर, प्रेक्षकाच्या दिशेने पाहतात. त्यांत सर्वांत सरळ, सर्वांत अविचल दृष्टी मारी बार्बोलाची आहे. ती राजकन्येच्याच ओळीत, जवळजवळ तिच्याइतक्याच प्रकाशात उभी आहे. तिचा पोशाख भारी आहे आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही झाकलेले वा सजविलेले नाही. दरबाराने तिला विनोदाचा विषय केले. वेलास्केझने तसे केले नाही. जो मार्गदर्शक तिच्याकडे बोट दाखवून दोन क्षण गप्प राहतो तो चित्राच्या बाजूने उभा राहतो. जो तिच्या उंचीवर कोटी करतो तो त्या दरबाराच्या बाजूने. ऐकणारे हसतात, आणि हसता हसता त्यांना न कळत चित्राचा सर्वांत धीट भाग त्यांच्या हातून निसटतो.

६

खासगी मार्गदर्शनाचे समर्थन येथूनच करता येते. मोठ्या गटात कानाला यंत्र लावलेले वीसपंचवीस जण एकच आवाज ऐकत असतात. ‘हा’ आणि ‘तो’ यांचा अर्थ मागील रांगेतल्या माणसाला लागत नाही, कारण त्याला बोट दिसत नाही. यास्तव तेथील भाषण अपरिहार्यपणे नावांकडे आणि कथांकडे झुकते. दोनतीन माणसांच्या फेरीत बोलणारा आणि पाहणारा एकाच जागी उभे असतात, दर्शक शब्द अचूक लागू पडतात, आणि प्रेक्षकाला विचारता येते. तथापि सोय आहे म्हणून ती वापरली जातेच असे नाही. शुल्क अधिक असल्यामुळे अधिक बोलणे ही आपली जबाबदारी आहे अशी समजूत मार्गदर्शकाची होते, आणि अधिक ऐकणे हा आपला हक्क आहे अशी प्रेक्षकाची. दोघे मिळून चित्राला अल्पमतात टाकतात.

मराठीच्या व्याकरणात या विषयापुरते एक मार्मिक निरीक्षण दडलेले आहे. ‘मी चित्र पाहतो’ या वाक्यात पाहणारा कर्ता आहे. क्रिया त्याच्या इच्छेने घडते. ‘मला चित्रात अमुक दिसते’ या वाक्यात तोच माणूस चतुर्थीत जातो; कर्तेपण दिसणाऱ्या वस्तूकडे येते. पाहणे करता येते. दिसणे घडावे लागते. ‘पाहा’ अशी आज्ञा देता येते, ‘दिस’ अशी ती पाहणाऱ्याला देता येत नाही. मार्गदर्शकाची सत्ता म्हणूनच ‘पाहा’पर्यंत चालते. त्यापुढे प्रेक्षकाला काय दिसेल यावर त्याचा अधिकार नाही. तो फक्त त्यासाठी जागा करू शकतो. ‘तुम्हाला येथे काय दिसते?’ हा प्रश्न विचारून खरोखर थांबणारा मार्गदर्शक विरळा असतो, कारण उत्तर अनपेक्षित येण्याचा धोका त्यात असतो. एखाद्या प्रेक्षकाने सांगावे की त्याला प्रथम कुत्राच दिसला, आणि मग भाषणाला कुत्र्यापासून सुरुवात करावी लागावी. परंतु कुत्रा हा या चित्रातील सर्वांत पुढे, प्रेक्षकाच्या सर्वांत जवळ असलेला जीव आहे. तेथून केलेला आरंभ राजापासून केलेल्या आरंभापेक्षा चित्राशी अधिक प्रामाणिक ठरण्याचा संभव आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकेल, की सामान्य प्रेक्षकाजवळ पूर्वज्ञान नसते; त्याला आधी कथा दिल्यावाचून चित्रात रस वाटणार नाही. हा आक्षेप फेटाळण्याजोगा नाही. सतराव्या शतकातील स्पॅनिश दरबार मराठी प्रेक्षकाला परका आहे, आणि मेनिना म्हणजे कोण हे कोणीतरी सांगावेच लागेल. परंतु सांगण्याचा क्षण ठरविणे मार्गदर्शकाच्या हातात असते. दृष्टी एखाद्या ठिकाणी अडली, म्हणजे तेथे सांगितलेली माहिती कथा न राहता उत्तर होते. गुडघे टेकणारी मुलगी कोण, असे प्रेक्षकाने विचारल्यावर दिलेले नाव त्याच्या स्मरणात राहते. न विचारता दिलेली दहा नावे संग्रहालयाच्या दाराबाहेर पडेपर्यंतही टिकत नाहीत.

या विवेचनाचा उपयोग केवळ माद्रिदपुरता नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा १९३८ साली स्थापन झालेल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात मराठीतून चित्रे दाखवावयाची झाली, तर मराठीत त्यासाठी कोणती भाषा सिद्ध आहे हे अभ्यासकांनी तपासावयास हवे. कलेतिहासाची परिभाषा घडविण्याचा उद्योग विद्यापीठांतून होत आला आहे. दाखविण्याच्या भाषेकडे, म्हणजे ‘अलीकडे’, ‘पलीकडे’, ‘कडेला’, ‘आडून’, ‘डोकावणारा’, ‘पाठमोरा’ अशा घरगुती शब्दांच्या सामर्थ्याकडे, फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक ‘पाठमोरा’ या एका शब्दात जे मावते ते परिभाषेच्या ओळभर मजकुरात मावत नाही. मार्गदर्शकांची भाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांतील नाव सांगणारी, कथा सांगणारी आणि दाखविणारी वाक्ये वेगळी काढणे, त्यांचे प्रमाण आणि क्रम नोंदविणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज करता येण्याजोगे काम आहे, आणि त्यातून भाषाशास्त्र व कलेतिहास या दोन्ही शास्त्रांचा लाभ होईल. त्या नोंदींत एक रकाना मात्र आवर्जून असावा : बोलणारा किती वेळ थांबला, आणि त्या अवधीत ऐकणाऱ्यांपैकी कोणी आपण होऊन काही दाखविले काय.